हिवराखालचा दगड

१८ नोव्हेंबर, सोमवार

भैरवीनं आज एकवीस वेळा विचारलं, "अजून किती?" मोजलं मी. पहिल्यांदा विचारलं ते घाटशिळेच्या देवळामागं शंभर पावलांवरच! आठ वर्षांची माझी पोर, शाळेच्या मैदानात दिवसभर उंडारते, आणि डोंगर म्हटला की पाय दुखतात. पण मला तेच हवं होतं. जिथं ती फतकल मारून बसली तिथं मी खडूनं फुली मारली. तीन ठिकाणी बसली. तिथंच सपाट दगड मांडायचे. भैरवीला जमलं तर कुणाच्याही लेकराला जमेल, कुणाच्याही आजीला जमेल.

दोन वर्षं डोक्यात हेच आहे. लोक तुळजापुरात येतात, रांगेत उभे राहतात, दर्शन घेतात, जेवतात, सोलापूरची गाडी धरतात. बालाघाटाच्या कडेवर राहतो आपण, आणि डोंगर कुणी बघत नाही. मीसुद्धा लग्न होऊन आले तेव्हा चार वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बघितला. शेवटी वैजनाथरावांना पटलं. त्यांचं लॉज आहे — लोक एक दिवस जास्त राहिले तर त्यांना हवंच आहे. वनखात्याच्या साहेबांनी धाराशिवला बोलावून होकार दिला. झाड तोडायचं नाही, सिमेंट ओतायचं नाही, आणि कुणाला काही झालं तर जबाबदारी मंडळाची. मंडळ म्हणजे वैजनाथराव, मी, आणि व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवणारे अकरा जण.

अडीच किलोमीटर भरतं. मोठ्यांना पाऊण तास, भैरवीला दीड. वर माळ लागतो, तिथून तामलवाडीकडचा सगळा सपाट मुलूख दिसतो. भैरवी म्हणाली, "एवढंच?" आणि मग दहा मिनिटं तिथून हलायला तयार नाही.

एकच जागा वाईट. हिवराच्या झाडापाशी वाट फुटते. उजवीकडं माळ, आणि सरळ गेलं की दरा. दऱ्यात सुटा मुरूम आहे, पाय ठरत नाही. तिथं ठळक खूण हवी.

२० नोव्हेंबर

बसवत नाही. आठवीच्या वर्गात फळ्यावर नदीचं खोरं काढता काढता हिवराची वाट काढून ठेवली. पोरं हसली. मीही हसले.

२४ नोव्हेंबर, रविवार

सात दगड उभे केले. गुडघ्याएवढे. बिराप्पा नसते तर एकही उभा राहिला नसता.

बिराप्पा म्हणजे त्या उतारावरचे धनगर. साठीचे असतील. साठ-पासष्ट मेंढरं, एक कुत्रं, आणि खालच्या अंगाला घर. नात करिश्मा माझ्याच वर्गात आहे. मी आणि वैजनाथराव पहारीनं एक दगड हलवायला अर्धा तास झटत होतो, तेव्हा ते वर आले आणि बघत उभे राहिले. "बाई, त्यो तांबडा नका घेऊ. भुगा व्हतो त्येचा. काळा घ्या." मग स्वतःच काळे निवडले, स्वतःच खड्डे घेतले. वैजनाथराव नुसते घाम पुसत होते.

दगडांची तोंडं खालच्या बाजूला ठेवली. चढून येणाऱ्याला समोरच दिसायला हवीत. हिवराखालच्या दगडावर उजवीकडचा मोठा बाण. रंग पांढरा घ्यायचा होता, पण दुकानात पांढऱ्याचा छोटा डबा नव्हता, शेंदरी होता. म्हटलं बरंच झालं, लांबून दिसेल. आणि दिसतोय! माळावरून बघितलं तर खाली ठिपके ठिपके.

जेवताना मामांनी विचारलं, "रंग कुठला?"

"शेंदरी."

मामा म्हणजे माझे सासरे, दत्तोपंत. पंचाहत्तरी आली. सगळा जन्म देवीच्या पूजेत गेला, अजूनही पूजेची पाळी आली की पहाटे अंघोळ करून ओल्यानं जातात. भात कालवत राहिले. "दगडाला लावला?"

"हो. बाण काढले."

ताक मागितलं.

१ डिसेंबर, रविवार

झालं! तेवीस माणसं आली. त्यात सात पोरं, एक बाळ झोळीत, दोन आज्या. एका आजीनं चपला हातात घेतल्या आणि सगळ्यांच्या पुढं वर पोचली. कुणी पडलं नाही, कुणी रडलं नाही. वैजनाथराव माळावर उभं राहून फोटो काढत होते, जणू माळ त्यांनीच अंथरला.

नवरा, अनिरुद्ध, नाही आला. सोलापूरच्या बँकेतून सहा दिवस येऊन-जाऊन करतो, रविवारी त्याला पंखा आणि उशी. "तुझ्या पायाला भिंगरी आहे, माझ्या नाही." ठीक.

उद्या शाळा आहे. मन अजून माळावर आहे. दुसरी वाट पापनाश तीर्थाच्या बाजूनं काढता येईल का?

४ डिसेंबर

गंमत. पहिल्या दगडावर हळदकुंकू. तिसऱ्यावर फुलं. हिवराखाली नारळ फोडलेला, आणि एक बाई तिथं डोळे मिटून उभी. मी म्हटलं, "अहो, हा बाण आहे." ती म्हणाली, "असू द्या की." आणि पोराचं डोकं त्याच्यापुढं टेकवलं.

घरी येऊन सांगितलं. भैरवी हसून लोळली. मामा नाही हसले. "शेंदूर लागला की दगड राहत नाही तो." मी म्हटलं, "मामा, ऑइलपेंट आहे हो." त्यावर चष्मा पुसत बसले.

पण एक चांगलं झालं. मामा आज सकाळी काठी घेऊन त्या वाटेनं जाऊन आले. सासूबाई गेल्यापासून देऊळ आणि घर, घर आणि देऊळ एवढंच चाललं होतं. अडीच किलोमीटर! दुपारी भाकरी एक जास्त खाल्ली. माझ्या वाटेनं त्यांना घराबाहेर काढलं.

८ डिसेंबर, रविवार

आज छत्तीस माणसं. आणि बिराप्पा आले भांडायला. भांडायला कसलं, सांगायलाच. पण आवाज चढलेला होता. हातात कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं. "बाई, ही मेंढरू खातंय. एकाचं पोट फुगलंय. पोरं धोंडे मारत्यात, गाभण्या मेंढ्या पळत्यात. तुमी म्हनला व्हता, मान्सं येतील आन् जातील."

मी म्हटलं पाट्या लावते. कचऱ्याची पोती टांगते.

"पाटी मेंढराला वाचता येती व्हय?"

वैजनाथरावांनी मध्येच तोंड घातलं — डोंगर काय तुमच्या नावावर आहे का, वगैरे. मी त्यांना गप्प करायला हवं होतं. नाही केलं. बिराप्पा पाकिटं माझ्या हातात देऊन गेले.

९ डिसेंबर

पोती टांगली. सहा. मेंढरू वाचलं, करिश्मानं सांगितलं.

१५ डिसेंबर, रविवार

लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

अक्कलकोटकडचं एक कुटुंब. ईरण्णा नावाचा माणूस, बायको, दोन पोरं आणि आई गंगम्मा. वैजनाथरावांच्याच लॉजवर उतरलेले. सकाळी नवाला वर गेले. अकरापर्यंत यायला हवे होते. बारा वाजले तरी पत्ता नाही, फोन लागत नाही. मी धावत वर गेले. हिवरापाशी पोचले तर खालून, दऱ्यातून, पोराच्या रडण्याचा आवाज.

दऱ्यात उतरले होते. बाण बघूनच उतरले म्हणे. गंगम्मा मुरमावरून घसरल्या, चांगल्या दहा-बारा हात. मनगट मोडलं, डोक्याला खोक. पाणी संपलेलं. पोरांची तोंडं पांढरीफटक.

मी खाली उतरायच्या आधीच बिराप्पा तिथं होते. म्हातारीला पाठीवर बांधलेलं, घोंगड्यानं, लेकरू बांधतात तसं. सुट्या मुरमावरून वर आणलं त्यांनी तिला. मधे दोनदा बसले. गंगम्मा कानडीत काहीतरी पुटपुटत होत्या, आणि बिराप्पा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होते.

दवाखान्यात हाड बसवलं. ईरण्णा माझ्यावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "मॅडम, बाण तिकडंच होता हो."

कसा असेल? मी काढलाय तो बाण.

१६ डिसेंबर

शाळेआधी जाऊन बघितलं. बाण उजवाच आहे. दगड फिरलाय! तोंड खालच्या बाजूला होतं, ते आता पूर्वेला. दगड फिरला तसा बाणही फिरला, आता सरळ दऱ्यात जातो. नुसता तोच नाही, सातही फिरलेले. बाकीच्या सहांपाशी वाट फुटत नाही म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. खड्डे नीट घेऊन, भोवती खडी ठोकून पक्के केलेले. वाऱ्यानं झालं नाही, पोरांनी केलं नाही. कुणीतरी जाणून केलंय.

आणि एवढे दगड एकट्यानं हलवणारा या डोंगरावर एकच माणूस आहे.

मधल्या सुट्टीत मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: "दगड मुद्दाम फिरवलेत. बिराप्पाला विचारा. त्याला ही वाट नकोच होती."

दोन मिनिटांत नऊ अंगठे.

१८ डिसेंबर

वैजनाथरावांनी माझा मेसेज जसाच्या तसा साहेबांना पाठवला. मला न विचारता. साहेबांचा निरोप: २८ तारखेला स्वतः येतो, सगळ्यांसमोर चौकशी. तसं निघालं तर त्या उतारावर चराई बंद.

चराई बंद म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. गाभण मेंढ्या घेऊन बिराप्पांना आत्ताच खाली कर्नाटकाकडं निघावं लागेल. सिताबाई, त्यांच्या घरच्या, सोबत जाणार. मग करिश्माला मागं कोण ठेवणार? आठवीत शाळा सुटलेली पोर परत येत नाही. अशा किती गेल्या माझ्या वर्गातून.

आज करिश्मा पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर बसली. हजेरीला "हजर" म्हणाली, वर बघितलं नाही.

बिराप्पा समोर असले की मी त्यांना "तुम्ही" म्हणते. ग्रुपवर "त्याला" लिहिलं. हे आज दिवसभर टोचतंय.

पण दगड त्यांनीच फिरवले असतील ना? दुसरं कोण?

२२ डिसेंबर, रविवार

बसवेना, गेले. म्हटलं त्यांच्या तोंडूनच ऐकावं. बिराप्पा मेंढरांमागं गेले होते. सिताबाई अंगणात लोकर पिंजत होत्या. बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. शेवटी विचारलंच, दगड का फिरवले.

सिताबाई हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "आवो बाई, तुमच्याच म्हाराजांनी सांगितलं की."

कुठले महाराज?

"दत्तुम्हाराज. रोज सकाळच्याला येत व्हते न्हवं. म्हनले, बिराप्पा, शेंदूर लागला, लोक हात जोडाय लागले, आन् देव दक्षिनंला तोंड करून हुबा हाय. गावाला बरं न्हाय. धा तारखंला सोता काठीनं उकराय लागले. हलतोय व्हय दगड म्हाताऱ्याला? ह्यांनी म्हनलं, म्हाराज तुमी सरा, म्या करतो. दोगांनी मिळून सकाळभर सातीबी उगवतीला केले. वर नारळ फोडला. आमाला बी परसाद दिला."

खालची बाजू म्हणजे दक्षिण. मी भूगोल शिकवते. माझ्या डोक्यात दिशा होती ती नकाशावरची. मामांच्या डोक्यात यमाची.

"बाणाचं त्यांच्या ध्यानात आलं नाही?"

"देवावर बाण कशाला बघंल कुनी?"

मला हसू आलं. खरंच आलं. सिताबाई म्हणाल्या, "तुमी सायबाला सांगा येवढं. आमचं कोन ऐकतंय."

मी म्हटलं, सांगते.

२३ डिसेंबर

नाही सांगितलं. साहेबांनाही नाही, मामांनाही नाही.

मामा पंधरा तारखेच्या रविवारपासून फिरायला गेलेले नाहीत. गंगम्मांचं सगळं घरात बोलणं झालं तेव्हा तिथंच बसले होते. विचारलं फक्त, "म्हातारी कितीची?" अडुसष्ट, म्हटलं. त्या दिवसापासून एक वेळ जेवतात. मी समजत होते पोट बिघडलंय.

त्यांना ठाऊक आहे. नक्की ठाऊक आहे.

२५ डिसेंबर

अनिरुद्धला सांगितलं. तो बराच वेळ बूट पुसत राहिला. मग म्हणाला, "गप्प बस तू. शाकंभरी नवरात्रात बाबांची पूजेची पाळी आहे. या वयात गावभर नाव होईल — पंतांनी देव फिरवला आणि म्हातारीचा हात मोडला. त्यांना सोसेल का?"

"आणि बिराप्पांना?"

"त्यांचं काहीतरी करू. साहेबांशी बोलतो मी नंतर."

नंतर! मी भांडले. पण खरं लिहायचं तर भांडता भांडता मला बरंही वाटत होतं. कारण मामांचं नाव निघालं की पुढचा प्रश्न मला येणार. शेंदरी रंग कुणी आणला? सासरे दोनदा बोलले तेव्हा कोण हसलं? ग्रुपवर कुणी लिहिलं? वाट माझी, रंग माझा, मेसेज माझा. मामांची लाज राखतेय असं म्हणत मी माझीच राखतेय. लिहिलं एकदाचं.

२७ डिसेंबर

उद्या. गच्चीवर चाळीस फेऱ्या मारल्या. भैरवी मोजत होती. "आई, तू आता बस गं."

उद्या मी सांगणार.

२८ डिसेंबर, शनिवार

वैजनाथरावांच्या लॉजच्या जेवणघरात जमले सगळे. वीसेक माणसं. साहेब तिशीतले, शांत. मामा आले नव्हते. बिराप्पा दारातच उभे, चपला बाहेर काढून. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

मी मनात वाक्य तयार करून गेले होते. "साहेब, मला काही सांगायचंय." एवढंच. पुढचं आपोआप येईल म्हटलं.

साहेबांनी आधी त्यांनाच विचारलं. "दगड कुणी फिरवले?"

"म्या फिरवलं."

वैजनाथराव माझ्याकडं बघून मान डोलावत होते, बघा, म्हटलं नव्हतं का.

"का?"

"देव हाय त्यो. दक्षिनंला तोंड बरं न्हाय."

दोघंजण हसले. साहेब नाही हसले. "तुम्हाला कुणी सांगितलं असं करायला?"

बिराप्पांनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. रागानं नाही. मी बोलते का, एवढंच बघितलं. आणि मी — दोन वर्षं ज्या बाईला एका जागी बसवत नाही ती बाई — खुर्चीला चिकटून बसले. वाक्य मनात होतं. तिथंच राहिलं.

"कुनी सांगाय कशाला पायजे," ते म्हणाले. "म्हातारी पडली ती माज्या हातानं. तेवढं खरं हाय."

चराई बंद, १ तारखेपासून, पुढची सूचना येईपर्यंत. वाट चालू. दगड पांढरे करून परत फिरवायचे. सगळ्यांनी चहा घेतला. मीही घेतला.

२९ डिसेंबर

मामा झोपाळ्यावर बसले होते. मी भाजी निवडत होते. म्हणाले, "बिराप्पानं काय सांगितलं काल?"

"मीच फिरवले म्हणाले."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

झोपाळा थांबला. "तुला ठाऊक होतं?"

"हो. बावीस तारखेपासून."

"बरं," म्हणाले. उठून देवघरात गेले.

बरं! एवढंच? मला वाटलं चिडतील, रडतील, म्हणतील मी जातो आणि सांगतो. पंचाहत्तर वर्षं देवीच्या पायाशी काढलेला माणूस, आणि एक धनगर त्यांचं नाव झाकून उभा राहिला तर नुसतं बरं? मला इतका राग आला त्यांचा. मग आठवलं, राग कुणावर काढावा याचा मला काय अधिकार आहे. तरी आला. अजून आहे.

३१ डिसेंबर

शाकंभरी नवरात्राआधी देवी आजपासून पलंगावर, निद्रेत. घरातल्या गाद्या गुंडाळल्या, सतरंजीवर निजायचं आठ दिवस. भैरवीला मजा वाटते. मामा सकाळपासून मौनात. व्रत आहे की मला टाळतायत, कळत नाही.

सिताबाई बाजारात दिसल्या. दोरखंड घेत होत्या, आणि पाण्याचा ड्रम. मी रस्ता ओलांडला. पलीकडं जाऊन उभी राहिले, चपलांच्या दुकानात, काही घ्यायचं नसताना.

१ जानेवारी

शाळेत पोरांनी फुलं दिली. करिश्मानं शाळा सोडल्याचा दाखला मागितला. "आज्यानं सांगितलंय. रविवारी निघायचंय." मी म्हटलं मुख्याध्यापक नाहीत, सोमवारी ये. मुख्याध्यापक आत बसले होते.

साहेबांना द्यायचा कागद लिहायला घेतला. फाडला. परत घेतला. "मामांच्या सांगण्यावरून" असं लिहिलं की पेन थांबतं.

२ जानेवारी

मामा सकाळी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून निघाले. "तेरला भाच्याकडं जाऊन येतो." निद्राकाळात कधी गाव सोडत नाहीत. मी विचारलं नाही. स्टँडवर सोडलं, गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, "संध्याकाळी येतो. भाकरी करून ठेव, भूक लागेल."

बिराप्पांना तोंड दाखवायला नको म्हणून गाव सोडून पळतायत, असं वाटलं मला. घरी येऊन एका दमात कागद पूर्ण केला. पहिलंच वाक्य: मला २२ डिसेंबरपासून ठाऊक होतं. मग शेंदरी रंग, मग मामा, मग बिराप्पांनी पाठीवर आणलेली म्हातारी, मग माझा मेसेज. सही केली. उद्या रजा टाकून धाराशिव.

संध्याकाळी मामा आले. तीन भाकरी खाल्ल्या. मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

साहेबांना मला बघून आश्चर्य वाटलं. "अहो, तुमचे सासरे काल येऊन गेले की. दोन तास बाहेर बाकावर बसले होते." फाईलमधून कागद काढून पुढं ठेवला. मामांचं अक्षर, थरथरलेलं. दगड मी फिरवायला लावले. बिराप्पाचा दोष नाही, त्याची मेंढरं सोडावीत. शेवटची ओळ: सूनबाईस यातील काहीही ठाऊक नव्हते, देवीची शपथ.

बंदी कालच उठली होती. साहेब म्हणाले, "तुमचं काय काम होतं?"

माझा कागद माझ्या हातात होता. मी दिला. देवीची शपथ घेऊन लिहिलेला मामांचा शब्द माझ्या पहिल्याच वाक्यानं खोटा पडला. घरी आलेय, त्यांना अजून काही सांगितलेलं नाही; ते आत पाटावर बसलेत, मी वाढायची वाट बघतायत.